बांधाच्या पायथ्याशी

(खानापूर तालुक्यातील एका गावाच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि बंधुभगिनींनो,

हिडकल आणि नविलुतीर्थ या मोठ्या धरणांविषयी आपल्या बेळगाव जिल्ह्यात पुष्कळ बोलले जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मलप्रभा, घटप्रभा आणि कृष्णा या तिन्ही नद्यांना पूर आला, तेव्हा त्यांच्या पाणीपातळीचे आकडे आपण रोज धास्तावून वाचत होतो. मी आज बोलणार आहे ते मात्र गावाशेजारच्या मातीच्या लहान धरणाविषयी, ज्याला आपण नुसते तळे म्हणतो आणि ज्याच्या बांधावरून रोज गुरे नेतो.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना सरसकट लागू होतो. १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना मात्र लांबी, पाणीसाठा, पुराचा विसर्ग अशा अटींपैकी एखादी पूर्ण होत असेल तरच. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करण्याचे बंधन त्या धरणांवर आहे. आपली बहुतेक तळी या मापाच्या खाली राहतात. कर्नाटकात ४० हेक्टरपेक्षा कमी लाभक्षेत्राची, म्हणजे तेवढीच जमीन भिजवणारी, तळी पंचायत व्यवस्थेकडे असतात, आणि पंचायतीकडे धरणाचा अभियंता नसतो. म्हणून बांधाकडे पाहण्याचे काम अखेर गावावरच येते आणि ते गावाला जमते, असे माझे ठाम मत आहे.

मातीचा बांध पूर्ण कोरडा कधीच नसतो. पाणी त्यातून हळूहळू झिरपते आणि पायथ्याच्या वाळू-खडीच्या थरांतून बाहेर पडते. या थरांचे काम पाणी जाऊ देणे आणि माती अडवून धरणे हे आहे. त्यामुळे पायथ्याशी स्वच्छ पाणी पाझरत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. पाणी गढूळ झाले, तर मात्र ते सोबत बांधाची माती नेत आहे असे समजावे. बाहेरच्या टोकाला सुरू झालेली ही झीज पाण्याच्या दिशेने आत सरकत जाते, बांधाच्या पोटात नळी तयार होते, आणि ती तलावापर्यंत पोचली की पुढचे काही तासांत घडते.

चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, तेव्हा खेकड्यांनी बांध पोखरल्याचे कारण मंत्र्यांनी सांगितले आणि त्या बिळांवरून पुष्कळ चेष्टा झाली. बिळे धोक्याची असतात, हे खरे आहे. खेकडे, उंदीर, साळिंदर हे सगळेच बांध पोखरतात. पण बीळ एका रात्रीत पडत नाही. गळतीची तक्रार तिथल्या गावकऱ्यांनी आधीच केली होती, आणि ही गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते.

आपल्याकडे हा पायथा दिसतच नाही, कारण तिथपर्यंत ऊस लावलेला असतो. मी पाहिलेल्या एका तळ्याच्या मागे उसाचा एक पट्टा मे महिन्यातही हिरवागार होता, आणि शेतकरी मोठ्या समाधानाने सांगत होते की या तुकड्याला पाणीच द्यावे लागत नाही. ते पाणी बांधातून येत होते आणि उसाच्या दाटीत ते स्वच्छ आहे की गढूळ, हे कुणालाही सांगता येत नव्हते. बांधाला लागून पाच-सहा मीटरचा पट्टा तरी मोकळा ठेवा, ही माझी पहिली विनंती आहे. मोटारीचा पाइप नेण्यासाठी बांधात चर खणू नका. पाइपाच्या कडेने पाण्याला आयती वाट मिळते. गाळ शेतात जरूर न्या, पण बांधाच्या आतल्या पायथ्याशी खणू नका, कारण तिथे बसलेला गाळ पाझर रोखत असतो.

आता सांडव्याविषयी, म्हणजे तळे भरल्यावर जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेविषयी, थोडे सविस्तर बोलतो. पाऊस ओसरू लागला की सांडव्यावर वाळूची पोती रचून हातभर पाणी जास्त अडवण्याची रीत आहे. त्यामागची निकड मी समजतो, कारण एप्रिलमध्ये विहिरींचा तळ दिसू लागतो. पण हिशेब पाहा. २० मीटर लांबीच्या सांडव्यावरून ६० सेंटिमीटर उंचीने पाणी वाहते, तेव्हा सेकंदाला सुमारे १६ घनमीटर पाणी बाहेर जाते. पोत्यांमुळे ही उंची ३० सेंटिमीटरच उरली, तर विसर्ग निम्मा न होता साडेपाच घनमीटरच्या आसपास, म्हणजे एक तृतीयांश होतो. परतीच्या पावसाचा एखादा जोरदार लोंढा आला की उरलेले पाणी तलावात चढत राहते आणि अखेर बांधाच्या माथ्यावरून वाहू लागते. काँक्रीटचे धरण हे कदाचित सोसेल. मातीचा बांध सोसत नाही. सांडव्यावरून गेलेल्या पाण्याला आपण वाया गेलेले पाणी म्हणतो, तो शब्द मला मान्य नाही, कारण त्या पाण्यानेच बांध राखलेला असतो.

गढूळ झरा दिसला तर त्याच्या तोंडावर चिखल थापून तो बुजवू नये. आतला दाब वाढतो आणि पाणी दुसरीकडून फुटते. त्यावर आधी वाळू, मग बारीक खडी, मग मोठे दगड असे थर घालावेत, म्हणजे पाणी निघते आणि माती राहते. तळ्याचे पाणी सोडण्याची मोरी उघडून पातळी उतरवावी, तीही बेताने, कारण पाणी झपाट्याने उतरले तर आतला ओला उतार घसरतो.

पाझर मोजण्याचे साधन अगदी साधे आहे. पायथ्याच्या चरात इंग्रजी V सारख्या काटकोनी खाचेची पत्र्याची पाटी बसवायची आणि पाटीच्या थोडे मागे, संथ पाण्यात, खाचेच्या तळापासून पाण्याची उंची मोजायची. ५ सेंटिमीटर म्हणजे सेकंदाला पाऊण लिटर आणि १० सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ साडेचार लिटर. तलावाची पातळी तीच असताना हा आकडा वाढला, तर त्याच दिवशी, तळे ज्यांच्याकडे असेल त्या पंचायतीला किंवा खात्याला लेखी कळवावे. दर सोमवारी शाळेतल्या मोठ्या मुलांनी शिक्षकांबरोबर जाऊन ही नोंद वहीत करावी आणि पावसाळ्यात ती रोज व्हावी. बांधाखालच्या वस्तीत एक फलक लावावा, ज्यावर रात्री कोणत्या वाटेने कोणत्या टेकाडावर जायचे हे कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत मोठ्या अक्षरांत लिहिलेले असेल, आणि ती वाट जूनपूर्वी एकदा अंधारात, म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन, चालून पाहावी.