मेंदोसा : बर्फाच्या पाण्यावरचं शहर

[दृश्य : झाडांच्या कमानीखालचा रस्ता. कॅमेरा हळूहळू फुटपाथच्या कडेला उतरतो.]

फुटपाथच्या कडेची ही उघडी चारी गटार वाटेल, पण हा पाट आहे. अर्जेंटिनाच्या पश्चिम टोकाला असलेल्या मेंदोसा शहरात गल्लोगल्ली असे पाट आहेत. इथले लोक त्यांना ‘असेकिया’ म्हणतात. पाणी सुटलं की काठावरची झाडं पितात, आणि त्या झाडांच्या सावलीत शहर वावरतं.

कारण इथं वर्षाला पाऊस पडतो जेमतेम 200 मिलिमीटर. पॅसिफिकवरून येणारे ढग अँडीज ओलांडेपर्यंत रिकामे होतात. त्यातही उन्हाळी सरी आल्या तर गारा घेऊन येतात, म्हणून द्राक्षमळ्यांवर जाळ्या ताणलेल्या दिसतात. खरा भरवसा डोंगरावरच्या बर्फावर. ते वितळतं आणि मेंदोसा नदीला पाणी येतं.

हे पाणी वळवायला सुरुवात केली ती वार्पे या मूळ रहिवाशांनी. 1561 मध्ये चिलीहून अँडीज ओलांडून स्पॅनिश आले, तेव्हा पाट वाहतच होते. शहराला नाव मात्र चिलीच्या स्पॅनिश गव्हर्नरचं मिळालं. 1776 पर्यंत हा मुलूख चिलीच्याच कारभारात होता. पुढे याच भूमीवर अर्जेंटिनाचा स्वातंत्र्यसेनानी सान मार्तीन यानं फौज उभी केली आणि 1817 मध्ये अँडीज ओलांडून चिलीतली स्पॅनिश सत्ता खिळखिळी केली.

[दृश्य : सान फ्रान्सिस्को चर्चचे भग्नावशेष]

20 मार्च 1861. रात्रीच्या भूकंपात शहर कोसळलं, हजारो माणसं गाडली गेली. नवं शहर जुन्याच्या शेजारी आखलं गेलं, ते भूकंप पुन्हा होणार हे धरूनच. रस्ते ऐसपैस, मधोमध एक विस्तीर्ण चौक, त्याच्या चार बाजूंना आणखी चार. संध्याकाळी लोक इथं निवांत बसलेले असतात. हे चौक जीव वाचवायला धावत येण्यासाठी ठेवले होते, हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

1885 मध्ये रेल्वे आली आणि हजारभर किलोमीटरवरचं ब्युनोस आयरेस जवळ आलं. पाठोपाठ इटालियन आणि स्पॅनिश स्थलांतरित आले, द्राक्षमळे वाढले. फ्रान्समधून आलेला माल्बेक हा वाण मायदेशापेक्षा इथंच जास्त मानवला. आज अर्जेंटिनाच्या वाइनपैकी सुमारे 70 टक्के वाइन याच प्रांतात तयार होते. शहराजवळच्या लुहान दे कुयोला तेलशुद्धीकरण कारखाना आहे, पर्यटनही आहे; पण शहराची ओळख द्राक्षाचीच.

[दृश्य : मळ्याच्या बांधावर दार उचलणारा पाटकरी]

प्रांताच्या जमिनीपैकी जेमतेम चार-पाच टक्के ओलिताखाली, बाकी ओसाड. 1884 च्या कायद्यानं पाण्याचा हक्क जमिनीला बांधला : जमीन विकली की पाणी तिच्याबरोबर जातं, सुटं विकता येत नाही. पाटकऱ्याला इथं ‘तोमेरो’ म्हणतात. पाळीप्रमाणे दार उघडणं त्याचं काम, आणि कालव्याचा कारभार बघणारा निरीक्षक पाणी वापरणारे शेतकरीच निवडून देतात.

खाणींमध्ये सायनाइड वापरायला या प्रांतात 2007 पासून बंदी आहे. डिसेंबर 2019 मध्ये विधिमंडळानं ती उठवली, तेव्हा मळेवाल्यांपासून विद्यार्थ्यांपर्यंत सगळे रस्त्यावर उतरले. मागणी एकच होती : मेंदोसाच्या पाण्याचा सौदा होणार नाही. वर्ष संपण्याआधीच सरकारला नवा कायदा मागे घ्यावा लागला.