पाहुण्याकडे माशाचं तोंड

आपण सगळे समुद्राकाठचे. मासा घेताना कल्ले उघडून बघायचे, बोटाने दाबून बघायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण हाँगकाँगमध्ये साई कुंगच्या धक्क्यावर उभा राहिलो तेव्हा कळलं, आपली ताजेपणाची परीक्षा जिथे संपते तिथे त्यांची सुरू होते. मासा पोहताच हवा. हॉटेलांपुढे काचेच्या टाक्या रचलेल्या, त्यांत हवेच्या नळ्या बुडबुडताहेत. गिऱ्हाइकाने बोट दाखवलं की पोऱ्या जाळीत मासा उचलतो आणि टेबलापाशी आणून सगळ्यांना दाखवतो. मासा फडफडतो, पाहुणे माना डोलावतात. मग तो वाफवायला जातो. येतो तो अख्खा, डोक्याशेपटासकट, वर आलं, पातीचा कांदा आणि कडकडीत तेल. ताट ठेवताना माशाचं तोंड मुख्य पाहुण्याकडे करतात.

हे तोंड कुणाकडे आहे, ते विसरू नका. या माशांच्या मागणीचं मूळ तिथे आहे. कँटनीज भाषेत 'मिन-झी' म्हणजे चेहरा, आणि प्रतिष्ठाही. आपल्याकडे विहीणबाईंच्या मानपानात काही कमी पडलं तर वर्षानुवर्षं ऐकावं लागतं, तसंच हे. लग्नात, धंद्याच्या जेवणात यजमान स्वस्त मासा मागवत नाही, कारण त्यात पाहुण्याचा अपमान असतो. शिवाय मासा म्हणजे 'यू', आणि 'यू' म्हणजे शिल्लक, बरकत. म्हणून नव्या वर्षाला मासा हवाच, आणि लाल असेल तर आणखी शुभ. आपल्या हेकरूचा भाऊबंद असलेला लाल कोरल ट्राउट ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरून विमानाने जिवंत जातो तो याचसाठी. २०२० च्या जानेवारीत साथीमुळे चीनमधल्या मेजवान्या थांबल्या आणि तिकडे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या मच्छीमारांना होड्या बांधून ठेवाव्या लागल्या.

या लोकांना हावरट म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. आदरातिथ्य ही चांगलीच गोष्ट आहे. पण तिची किंमत कोण मोजतं, ते बघा. नेपोलियन रास हा प्रवाळातला मोठा मासा दोन मीटरपर्यंत वाढतो, तीस वर्षं जगतो. आधी मादी असतो, मग त्यातल्या काहींचे नर होतात. ताटात मावायला मात्र किलोभराचाच हवा. म्हणजे धड वयातही न आलेला. ताटाच्या मापाने माशाचं वय ठरतं, आणि अंडी घालायच्या आधीच तो उचलला जातो. इंडोनेशिया-फिलिपिन्समध्ये पाणबुडे कपारीत सायनाइडची पिचकारी मारतात. मासा गुंगतो, हाती लागतो. भोवतालचं प्रवाळ मात्र मरतं.

२००४ मध्ये हा मासा 'साइट्स' कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर लगाम घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आला. परवान्याशिवाय त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार करता येत नाही. तरी चोरटा माल येतच राहिला. त्यातली खोच साधी होती. दुकानदाराकडे समजा पाच माशांचा परवाना आहे. पाच विकले, चोरीचे पाच टाकीत सोडले. तपासनीस आला तर मोजणी बरोबर!

चालीरीती बदलतात, हेही पाहिलंय. २०१३ मध्ये हाँगकाँग सरकारने आपल्या मेजवान्यांतून शार्कचे पर काढून टाकले. मोठ्या यजमानानेच पदार्थ सोडला की इतरांना तो न वाढण्यात कमीपणा वाटत नाही.

आणि त्या मोजणीच्या खोचेवर हाँगकाँग विद्यापीठातल्या संशोधकांनी उपाय काढला. नेपोलियन रासचं कँटनीज नाव 'सो-मेइ'. 'मेइ' म्हणजे भुवई. त्याच्या डोळ्याजवळच्या रेषा प्रत्येक माशात वेगळ्या असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारख्या. तेव्हा टाकीपुढे उभं राहून फोनने माशाच्या चेहऱ्याचा फोटो काढायचा, पुढच्या फेरीत पुन्हा काढायचा. रेषा जुळल्या नाहीत, तर टाकीतला मासा बदललेला आहे.