पिवळ्या पट्ट्यांचा पुडा

श्रोतेहो, नमस्कार.

ज्या मुलाला अजून अक्षरओळख नाही, तेही वाण्याच्या दुकानात बोट दाखवून पार्ले-जीचा पुडा मागतं. पिवळे-पांढरे पट्टे, गोबऱ्या गालांची मुलगी आणि लाल पट्टीवरचं नाव, एवढ्यावर त्याचं काम भागतं. आज या वेष्टनाविषयी बोलू.

विलेपार्ल्यात 1929 साली मोहनलाल दयाल चौहान यांनी कारखाना काढला तो गोळ्या-मिठाईचा. बिस्किटं आली 1939मध्ये, ‘पार्ले ग्लुको’ या नावाने. बिस्किट तेव्हा साहेबी आणि महाग खाणं होतं. हे सामान्य घरांना परवडणारं देशी बिस्किट होतं. ते खपू लागलं आणि मग इतरांनीही ग्लुकोज बिस्किटं काढली. ग्राहक नुसतं ‘ग्लुकोज द्या’ म्हणायचा आणि दुकानदार हाताला लागेल तो पुडा द्यायचा. ग्लुकोज हे एका घटकाचं नाव. त्यावर एकट्याने हक्क कसा सांगणार? म्हणून वेष्टनालाच ओळख बनवणं भाग होतं. साठच्या दशकात एव्हरेस्ट या जाहिरात संस्थेतले चित्रकार मगनलाल दहिया यांनी ती मुलगी रंगवली. ‘ती मुलगी म्हणजे अमुक बाई’ अशा कहाण्या अजूनही फिरतात, पण कंपनीने स्पष्ट सांगितलं आहे की ते कुणाचं छायाचित्र नाही, काढलेलं चित्र आहे. 1982मध्ये नाव ‘पार्ले-जी’ झालं. हा ‘जी’ ग्लुकोजचाच. जीनियसचा अर्थ जाहिरातींनी नंतर दिला.

आता कागदाकडे वळू, कारण बिस्किटाचा खरा शत्रू हवेतला ओलावा. भट्टीतून निघालेलं बिस्किट जवळजवळ कोरडं असतं. ते हवेतली वाफ शोषतं आणि सादळतं. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्या बशीत ठेवून पाहा, काही तासांत मऊ पडेल. जुना पुडा मेणकागदाचा होता. मेण पाणी अडवतं आणि गरम केलं की चिकटतंही, त्यामुळे बंद करायला वेगळा डिंक लागत नाही. पण कागद जिथे दुमडतो तिथे मेणाला बारीक भेगा पडतात. टोकांच्या घड्यांवरच त्या जास्त असतात आणि ओल तिथूनच शिरते.

या शतकाच्या सुरुवातीला मेणकागदाची जागा प्लास्टिकच्या पातळ फिल्मने घेतली. पट्टे आणि मुलगी मात्र जागच्या जागी राहिली, आणि हा निर्णय फार शहाणपणाचा होता. रोजचा गिऱ्हाईक कागद बदलला तर चालवून घेतो, पण चेहरा बदलला की त्याला माल नकली वाटतो.

अशा पुड्याच्या पाठीवर एक लांब उभी शिवण असते आणि दोन्ही टोकांना दातेरी जोड. हे सगळं गरम जबड्यांनी दाबून चिकटवतात. जबडे कमी तापले तर जोडात केसाएवढी वाट उरते आणि पुडा वरून धड दिसत असला तरी आतली बिस्किटं सादळतात. जास्त तापले तर फिल्म आकसून सुरकुतते. जोडात बिस्किटाचा चुरा अडकला तरी तशीच वाट उरते, म्हणून यंत्रावरचा भुगा सतत झाडावा लागतो.

फिल्म रिळावर सलग छापलेली येते, एकामागून एक चित्रं. कुठे कापायचं हे यंत्राला कसं कळतं? फिल्मच्या कडेला ठरावीक अंतरावर गडद रंगाचा एक छोटा चौकोन छापलेला असतो. प्रकाशाचा डोळा तो टिपतो आणि त्या हिशेबाने पातं पडतं. रीळ थोडं जरी ताणलं गेलं, किंवा चौकोन फिका छापला गेला, तर काप सरकतो आणि मुलीचा चेहरा टोकाच्या दातेरी जोडात चेपला जातो. असे पुडे बाजूला काढावे लागतात. पुढचा पुडा फोडण्याआधी पाठीवरची शिवण जरा उलगडा. बऱ्याचदा तो चौकोन तिथेच सापडतो. आणि उरलेली बिस्किटं लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.