वरचा हात सोडायचा की नाही

[दृश्य: शिकागोची रेड लाइन लोकल. संध्याकाळ. ‘सॉक्स–३५वा रस्ता’ स्टेशनावर उतरणारी काळ्या जर्सीतली माणसं.]

२४ सप्टेंबर २०२४. शिकागोच्या दक्षिण भागातल्या या स्टेशनावर उतरलेल्या गर्दीत आज बरेच जण आपलाच संघ हरताना बघायला आलेत. तिकिटाचे पैसे मोजून.

शिकागो व्हाइट सॉक्स हा बेसबॉल संघ तोवर मोसमात १२० सामने हरून बसला होता. १९६२च्या न्यू यॉर्क मेट्सशी बरोबरी झाली होती. आणखी एक हार, की १९०० सालापासूनचा नीचांक यांच्या नावावर. वर्षभर वाईट दिवस पाहिलेच आहेत, तर निदान इतिहास तरी डोळ्यांदेखत घडू दे, असा हिशेब.

आणि संघ जिंकला. दुसऱ्या दिवशीही जिंकला. तिसऱ्या दिवशीही! वर्षभर ज्यांनी हवं तेव्हा एक सामना जिंकून दिला नाही, त्यांनी लोक हार बघायला आले तर तिन्ही सामने जिंकले. १२१वी हार झाली ती परगावी, डेट्रॉइटला, २७ तारखेला, ४-१ अशी. त्याच विजयानं डेट्रॉइटचा संघ बाद फेरीत गेला. म्हणजे शॅम्पेन उडाली, पण समोरच्या ड्रेसिंग रूममध्ये.

घरच्या त्या शेवटच्या सामन्यांत स्टँडमधून एक घोषणा पुन्हा पुन्हा उठत होती: ‘संघ विकून टाका!’ रोख मालकावर, जेरी राइन्सडॉर्फ यांच्यावर. १९८१ पासून संघ त्यांच्याकडे आहे. पण मालक काही घोषणा ऐकून संघ विकत नसतो. मग चाहत्यानं करायचं काय? तो बॅटरच्या हातांवरून भांडतो.

[दृश्य: फोनवर बॅटच्या एका स्विंगची, म्हणजे बॅट फिरवण्याची, चित्रफीत. बोट पडदा मागं सरकवतं, पुढं सरकवतं.]

‘बघ, इथं खांदा उघडला. चेंडू अजून निम्म्या वाटेत आहे.’ ‘खांद्याचं सोड, त्याचा पुढचा पाय बघ.’ शिकागोत अशी भांडणं तासन् तास चालतात. भांडायला मालही भरपूर. त्या मोसमात १६२ सामन्यांत संघाच्या धावा फक्त ५०७. सामन्याला जेमतेम तीन. तीस संघांत सगळ्यात कमी. जुलै-ऑगस्टमध्ये तर सलग २१ सामने हरले.

आपल्याकडे मैदानावर पहिल्या दिवसापासून कानावर पडतं, ‘सरळ बॅटनं खेळ.’ बेसबॉलमध्ये सरळ बॅट हा प्रकारच नाही. बॅट गोल, चेंडू गोल, मध्ये टप्पा नाही. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, उभा असतो साठ फूट सहा इंचांवर, म्हणजे आपल्या खेळपट्टीपेक्षा साडेपाच फूट जवळ. ताशी ९५ मैलांनी सुटलेला चेंडू सुमारे चार दशांश सेकंदात पोहोचतो. त्यातला मोठा वाटा चेंडू ओळखण्यात आणि मारायचा की सोडायचा हे ठरवण्यातच जातो. उरलेल्या क्षणात पाय, कंबर, खांदे, मनगटं ओळीनं फिरायला हवीत. एकाची पाळी चुकली की बॅट उशिरा पोहोचते. म्हणून या खेळात दहापैकी तीनदा हिट मिळवणारा, म्हणजे फटका मारून बाद न होता बेस गाठणारा, उत्तम समजतात. सातदा फसून घरी जाणाऱ्याला पगार कोट्यवधी, हे आपल्याला पचायला जरा वेळ लागतो.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. बोस्टनचा डावखुरा बॅटर.]

या भांडणाला दोन घराणी आहेत. घराणीच म्हणायची, कारण गाण्यातल्यासारखंच इथंही शिष्य गुरूपेक्षा कडवे.

पहिलं घराणं टेड विल्यम्स यांचं. १९४१ साली बोस्टनकडून खेळताना त्यांची सरासरी .४०६ होती, म्हणजे हजार संधींमागे ४०६ हिट. त्यानंतर अमेरिकन आणि नॅशनल या दोन मुख्य लीगमध्ये एकाही बॅटरनं पूर्ण मोसमात .४०० गाठलेली नाही. विल्यम्स यांचं म्हणणं सोपं: पिचर दहा इंच उंच ढिगाऱ्यावरून फेकतो, चेंडू खाली उतरत येतो, तेव्हा बॅट त्याला भेटायला किंचित वर चढत गेली पाहिजे. ताकद कमरेच्या फिरकीतून काढा. आणि आधी मारण्याजोगा चेंडू निवडा. त्यांनी स्ट्राइक झोनची, म्हणजे ज्या काल्पनिक चौकटीतला चेंडू सोडला तरी बॅटरविरुद्ध धरतात तिची, ७७ चेंडूंत मांडणी करून प्रत्येक जागी आपली सरासरी किती असेल ते लिहून ठेवलं होतं. मधोमध .४००. बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात .२३०. अर्थ सरळ: तिथं हात घालू नका.

दुसरं घराणं चार्ली लाऊ यांचं. स्वतः साधे कॅचर, म्हणजे बॅटरमागं चेंडू झेलणारे, कारकिर्दीची सरासरी .२५५. पण शिकवायला बसले की माणूस वेगळा. कॅन्सस सिटीत जॉर्ज ब्रेट त्यांच्या हाताखाली घडला, ज्यानं १९८०मध्ये .३९० पर्यंत मजल मारली. लाऊ यांचा भर वजनावर: आधी मागच्या पायावर घ्या, मग पुढं न्या. डोकं स्थिर, नजर चेंडूवर. फटका मैदानात चहूकडे गेला पाहिजे. आणि टोला बसल्यावर वरचा हात बॅटवरून सुटू द्या, म्हणजे बॅट अडखळत नाही.

वरचा हात सोडायचा की नाही, यावर माणसं चाळीस वर्षं भांडतायत!

आणि शिकागोच्या दक्षिण भागात तर जास्तच, कारण लाऊ यांची शेवटची नोकरी इथली. १९८२ आणि ८३मध्ये ते व्हाइट सॉक्सचे हिटिंग कोच होते. ८३ला संघानं ९९ सामने जिंकले. पुढच्या मार्चमध्ये कर्करोगानं लाऊ गेले, अवघ्या पन्नाशीत. मग १९८९ला त्यांचे शिष्य वॉल्ट ह्रिनियाक आले. त्याआधी ते बोस्टनला होते, म्हणजे थेट विल्यम्स यांच्या अंगणात लाऊ यांची शिकवणी! शिकागोत त्यांच्या हाताखाली फ्रँक थॉमस तयार झाला. ५२१ होम रन, म्हणजे आपल्या षटकारासारखे सीमेपार फटके, ९३ आणि ९४ अशी लागोपाठ दोन वर्षं सर्वोत्तम खेळाडूचा मान. व्हाइट सॉक्सच्या मैदानात त्याचा पुतळा आहे. वादात लाऊवाल्यांची बाजू पडायला लागली की बोट त्या पुतळ्याकडे जातं.

२०१५ पासून प्रत्येक मैदानावर कॅमेरे आणि रडार आले. चेंडू बॅटवरून किती वेगानं, किती अंशात उडाला, सगळं मोजलं जाऊ लागलं. ताशी ९८ मैल आणि २६ ते ३० अंश जमले तर फटका सोन्याचा. आकड्यांनी विल्यम्स यांच्या चढत्या बॅटची बाजू घेतली, असं त्यांचे लोक म्हणतात. लाऊवाले म्हणतात, बरोबर, म्हणूनच आज जो तो चेंडू आकाशात मारायला जातो आणि स्ट्राइकआउट होऊन, म्हणजे चेंडूला बॅट न लागताच बाद होऊन, परततो. माझा कल थोडा लाऊवाल्यांकडे आहे. पण मी पुतळा आधी पाहिला, आकडे नंतर.

[दृश्य: २०२५. मिलवॉकीच्या जर्सीत होम रन मारून बेसला फेरी घालणारा खेळाडू.]

एवढं शास्त्र असून चाहत्यांची झोप कुणी उडवली असेल तर अँड्र्यू वॉननं. नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत पहिल्या फेरीत घेतलेला. २०२५मध्ये शिकागोकडून सरासरी .१८९. जूनमध्ये त्याला मिलवॉकीला देऊन टाकलं. तिथं पहिल्याच पाळीत होम रन, आणि उरलेल्या मोसमात सरासरी .३०८. माणूस तोच, जुलै उजाडेपर्यंत बॅट वेगळी. आता दोष हातांचा होता की शिकवणाऱ्यांचा? की हरणाऱ्या ड्रेसिंग रूममध्ये रोज उठून जाण्याचा? हे कुठल्याही रडारवर दिसत नाही.

पण त्याच उन्हाळ्यात उलटंही घडलं. कोल्सन माँटगोमेरी, डावखुरा बॅटर, शॉर्टस्टॉपच्या जागी क्षेत्ररक्षण करणारा. एप्रिलमध्ये खालच्या पातळीवरच्या शार्लट संघातही त्याला चेंडू लागत नव्हता, सरासरी .१५०च्या आसपास. क्लबनं त्याला सामन्यांतून काढलं आणि ॲरिझोनातल्या सराव केंद्रावर हिटिंगचे प्रमुख रायन फुलर यांच्याकडे पाठवलं. ४ जुलैला तो मुख्य संघात उतरला. ७१ सामन्यांत २१ होम रन! आता जो तो सांगतो की ॲरिझोनात नेमकं काय बदललं. दहा जणांची दहा उत्तरं, आणि दहाही जण चित्रफीत दाखवून सिद्ध करतात.

भविष्याचा विषय निघाला की आवाज खाली येतो. २०२३ला १०१ हारी, मग १२१, मग २०२५ला १०२. तळाच्या संघाला निदान पुढच्या नव्या खेळाडूंमधून पहिली निवड मिळावी ना? मोठ्या शहरातल्या संघाला निवडीचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत लागोपाठ दोन वर्षं घेत नाहीत, या नियमामुळे १२१ हारींनंतर हातात आली दहावी निवड. पहिल्या क्रमांकाची लॉटरी लागली ती २०२६साठी. मालकीचा करारही झालाय, पण गुंतवणूकदार जस्टिन इश्बिया यांच्याकडे सूत्रं २०२९च्या आधी जाणार नाहीत. मधल्या काळात एवढंच, की २०२५च्या मे महिन्यात शिकागोचा माणूस पोप झाला आणि तो व्हाइट सॉक्सचा चाहता निघाला. २००५च्या विश्वमालिकेच्या, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेच्या, पहिल्या सामन्यातली, गर्दीत बसलेल्या त्याची जुनी चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. संघाची परिस्थिती आता पोपच्याच अखत्यारीतली आहे, असं इथले लोक हसत सांगतात.

[दृश्य: टोकियो. डावखुरा बॅटर, चेंडू दिव्यांच्या वर.]

आणि डिसेंबर २०२५मध्ये जपानहून मुनेताका मुराकामी आला. दोन वर्षं, तीन कोटी चाळीस लाख डॉलर. २०२२मध्ये तिकडे त्याचे ५६ होम रन होते. ताकदीबद्दल कुणाचंच दुमत नाही. शंका एकच: वेगवान चेंडूवर त्याची बॅट फार वेळा हवा कापते. ९७ मैलांचा चेंडू छातीच्या उंचीवर आला की काय होणार?

[दृश्य: पुन्हा फोनचा पडदा. मुराकामीचा स्विंग, एकेक चौकट.]

बोट थांबतं. टोला बसून गेलाय, बॅट खांद्यामागं चाललीय. फोनवर दोन डोकी वाकतात. चेंडू कुठं गेला याच्याशी आत्ता दोघांनाही देणंघेणं नाही. ते वरचा हात बघतायत.