जुन्या पायथन कोडला टाइप चेकिंग लावायचंय? सुरुवात इथून करा

राम राम मंडळी, जळगावहून बोलतोय. समजा रावेर-सावद्याकडच्या केळीच्या व्यापाऱ्याचं हिशोबाचं सॉफ्टवेअर आहे, जुना पायथन कोड, टाइप, म्हणजे कुठली किंमत आकडा आणि कुठली मजकूर, हे कुठेच लिहिलेलं नाही. वजन सीएसव्ही फाइलमधून येतं, म्हणजे दिसायला आकडा पण असते स्ट्रिंग, नुसता मजकूर. आता ह्या "12" ला 1500 दराने गुणा. पायथन एरर देत नाही भो, तो 12 हे पंधराशे वेळा एकापुढे एक चिकटवतो आणि तेच पुढे शेतकऱ्याच्या पट्टीकडे, म्हणजे मालाच्या हिशोबाच्या पावतीकडे पाठवतो!

म्हणून मायपाय, म्हणजे प्रोग्राम न चालवताच कोडमधल्या टाइपच्या चुका दाखवणारं टूल. टाइप लिहायची रीत पायथन 3.5 पासून, म्हणजे 2015 पासून भाषेतच आहे, आणि टाइप लिहिल्याने चालू प्रोग्रामचं वागणं बदलत नाही, त्यामुळे थोडं थोडं करता येतं. ड्रॉपबॉक्सने असंच करत करत 2019 पर्यंत 40 लाख ओळी चेकिंगखाली आणल्या.

पण एक गोष्ट नीट ऐका. पहिल्यांदा मायपाय चालवलं की बऱ्याचदा एकही एरर येत नाही आणि पोरं खूश होतात, पण ज्या फंक्शनला एकही टाइप नाही त्याच्या आत मायपाय स्वतःहून बघतच नाही, त्यासाठी "चेक अनटाइप्ड डेफ्स" ही सेटिंग चालू करावी लागते.

मग एकदम स्ट्रिक्ट मोड, म्हणजे मायपायचे कडक नियम एकत्रच लावू का? नका लावू. एररचा ढीग बघून टीम दोन दिवसात ते बंद करून टाकते. जे मॉड्यूल सगळीकडे इम्पोर्ट होतं तिथून सुरू करा, आपल्याकडे ते पट्टीची रक्कम काढणारं. तिथे वजन फ्लोट (म्हणजे दशांश आकडा), दर फ्लोट एवढं लिहिलं की सीएसव्हीतली स्ट्रिंग जिथून थेट आत येते तीच ओळ मायपाय दाखवतं, तिथे फ्लोटमध्ये बदलून घ्या. शेतकरी शोधणारं फंक्शन पण लवकर घ्या, नाव सापडलं नाही की ते नन (None), म्हणजे "काहीच नाही" देतं आणि पुढचा कोड तसाच पळत राहतो.

मॉड्यूल पूर्ण झालं की कॉन्फिगमध्ये फक्त त्याच्यापुरतं "डिसअलाऊ अनटाइप्ड डेफ्स" लावा, म्हणजे बिनटाइपच्या फंक्शनला एरर येते, आणि सीआयमध्ये, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत मायपाय बसवा, नाहीतर पुढच्या महिन्यात कोणीतरी बिनटाइपचं फंक्शन घुसवतंच. आणि "टाइप इग्नोर", म्हणजे ह्या ओळीची एरर सोडून दे अशी मायपायला सूचना, लिहावीच लागली तर सोबत त्या एररचा कोड लिहा, कारण नुसतं इग्नोर त्या ओळीवरच्या उद्याच्या चुकाही झाकतं.