सहा मीटरची नळी आणि सौरवारा

(धुकं विरळ होतंय. गवतावर रांगेत पेट्या.)

उटी, उंची २,२०० मीटर. या माळावर जवळपास चारशे पेट्या आहेत, एकीपासून दुसरी आठ मीटरवर. वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, मोजणाऱ्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या ग्रेप्स-३ प्रयोगाचा फोटोत नेहमी येणारा भाग तो हाच. आपल्याला मात्र शेजारच्या इमारतीत, काँक्रीटच्या ढिगाखाली जायचंय.

(नळीचं तोंड, अगदी जवळून.)

ही पोलादी नळी. चौकोनी, १० सेंटिमीटर बाय १०, लांबी ६ मीटर, पत्रा २.३ मिलिमीटरचा. मधोमध ताणलेली टंगस्टनची तार १०० मायक्रॉनची, म्हणजे साधारण केसाएवढी. आत ९० टक्के आर्गॉन, १० टक्के मिथेन. तारेवर तीन हजार व्होल्टच्या आसपास विद्युतदाब. म्युऑन म्हणजे वैश्विक किरण हवेवर आदळले की जन्मणारा कण, इलेक्ट्रॉनचा जड भाऊ. तो आरपार गेला की वाटेतल्या वायूतून इलेक्ट्रॉन सुटतात, तारेकडे धावतात, तिच्याजवळ पोचता पोचता एकाचे हजारो होतात आणि एक बारीकसा स्पंद उमटतो. नळीचं काम एवढंच.

बिघडायला मात्र फार लागत नाही. आत हवा शिरली की ऑक्सिजन ते सुटे इलेक्ट्रॉन गिळून टाकतो. स्पंद आधी लहान होतो, मग दिसेनासा. म्हणून नळी आधी पूर्ण रिकामी करायची, निर्वात टिकतो का ते बघायचं, मगच वायू भरायचा. गळतीचा पहिला संशय टोकाच्या सांध्यावर, तार बाहेर येते तिथे.

अशा ५८ नळ्यांचा एक थर. चार थर, एक आडवा तर पुढचा उभा. झाल्या २३२. हे एक मॉड्यूल, ३५ चौरस मीटरचं. अशी सोळा मॉड्यूल, म्हणजे ३,७१२ नळ्या. वरचे ठोकळे बघा, पिरॅमिड उलटा ठेवल्यासारखे वर रुंद होत गेलेत. कण ४५ अंशांपर्यंत तिरपा आला तरी त्याला काँक्रीट चुकवता येऊ नये, म्हणून. एक अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टहून दुबळे कण वरच अडकतात. कुठल्या थरात कुठली नळी वाजली ते जुळवलं की म्युऑन कोणत्या बाजूने आला ते कळतं. आकाशाच्या १६९ तुकड्यांची मोजणी वेगवेगळी होते.

दिवसाला सुमारे ४०० कोटी म्युऑन. इतके कशाला? हजारच मोजले, तर निव्वळ योगायोगाने तीसेक इकडेतिकडे होतात, म्हणजे तीन टक्क्यांचा घोळ. तासाला साडेसोळा कोटी मोजले की तो घोळ ०.००८ टक्क्यांवर येतो. सूर्यामुळे इथे दिसणारा फरक एखाद्या टक्क्याचा, बरेचदा त्याहूनही कमी. तो पकडायचा तर नळ्या हव्यातच, आणि पुष्कळ हव्यात.

(सूर्य. सर्पिल रेषांचं ॲनिमेशन.)

म्युऑन आपल्या हवेतच जन्मतो. त्याचा जनक प्रोटॉन सूर्यमालेबाहेरून आलेला. वाटेत त्याला समोरून सौरवारा, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर वाहणारा विद्युतभारित कणांचा झोत लागतो, सेकंदाला ४०० किलोमीटरच्या आसपास. वारा चुंबकीय क्षेत्र ओढत नेतो आणि खाली सूर्य २७ दिवसांत गिरकी घेतो, त्यामुळे शेतातल्या फिरत्या तुषारासारखा रेषांना पीळ पडतो. पृथ्वीपाशी हा पीळ साधारण ४५ अंशांचा. क्षेत्रातल्या खाचखळग्यांवर आपटत, भरकटत प्रोटॉन आत येतो, वारा त्याला बाहेर ढकलतो, पसरणाऱ्या वाऱ्यात त्याची ऊर्जाही झिजते. शिवाय क्षेत्राच्या वळणांमुळे तो एका बाजूला सरकत जातो, आणि दर ११ वर्षांनी सूर्याचे ध्रुव उलटले की ही दिशाही उलटते. भौतिकशास्त्रज्ञ युजीन पार्कर यांनी १९६५ मध्ये हा सगळा हिशेब एका समीकरणात बसवला. वाऱ्याची हद्द व्हॉयेजर-१ यानाने २५ ऑगस्ट २०१२ रोजी ओलांडली, पृथ्वी-सूर्य अंतराच्या जवळपास १२२ पट दूर. तिथली दृश्यं कुणाकडेच नाहीत.

(दाबमापकाचा आलेख.)

आता खरी डोकेदुखी. हवेचा दाब एक हेक्टोपास्कल वाढला की म्युऑन ०.१३ टक्क्यांनी घटतात. आणि उटीत दाब दिवसातून दोनदा चढतो-उतरतो. हे वजा केलं नाही, तर निलगिरीची हवा सूर्याच्या खात्यावर जमा होते. वरच्या हवेच्या तापमानाचंही तेच.

(रात्र. पडद्यावर २२ जून २०१५ चा आलेख.)

सूर्यावरून सुटलेला चुंबकीय ढग पृथ्वीवर येऊन आदळला. ढगाच्या आडोशाने वैश्विक किरण घटतात, तसे ते घटलेच होते. पण मध्यरात्रीनंतर, म्हणजे आपल्याकडे २३ जून लागल्यावर, साडेबारा ते अडीच, म्युऑनची रेघ एकदम वर. एरवी पृथ्वीचं क्षेत्र इथे सरळ वरून येणाऱ्या सुमारे १७ गिगाव्होल्टखालच्या कणांना परत पाठवतं (कणाला चुंबकाने वळवणं किती अवघड, त्याचं हे माप). त्या दोन तासांत क्षेत्र दुबळं पडलं, उंबरठा खाली आला आणि एरवी परतणारे कण आत शिरले.

अशा वादळांनी उपग्रह आणि वीजवाहिन्या धोक्यात येतात.

(पुन्हा नळ्या. फक्त यंत्रांचा आवाज.)

आलेखात आकाशाचे ते १६९ तुकडे एकत्र करून केलेल्या नऊ दिशांच्या नऊ रेघा आहेत. त्या रात्री नऊही एकदमच उठल्या.