कानाचं वय, डोळ्याचं वय

(अंबाजोगाईत शिक्षक-पालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर माझा विषय छापलाय ‘वयोगटानुसार गोष्टीच्या पुस्तकांची निवड’. त्यावर बोलणार आहे, काळजी करू नका. पण दिलेल्या वेळातला बराचसा सत्कारात गेला, तेव्हा आधी माझ्या मनातलं बोलून घेतो.

पुस्तकाच्या मागं छापलेलं असतं, वयोगट 8 ते 10. कशाचं वय हो? लेकराला वाचनाची दोन वयं असतात. एक डोळ्याचं, म्हणजे त्याला स्वतःला किती वाचता येतं. दुसरं कानाचं, म्हणजे वाचून दाखवलं तर किती कळतं. दुसरीतलं लेकरू जोडाक्षराला अडखळतं, पण तेच आजीजवळ बसून महाभारत ऐकतं आणि कर्णाची बाजू घेऊन भांडतं. कान डोळ्याच्या पुढं असतो, आणि बहुतेक लेकरांचा पार सातवी-आठवीपर्यंत पुढंच राहतो.

हे आपल्या भागात मी सांगायला नको. श्रावणात पोथी लागायची, हरिविजय नाहीतर पांडवप्रताप. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. पुढं मांडी घालून बसलेल्या पोरांतली निम्मी शाळेत ‘ढ’ म्हणून गाजलेली, पण कीचकवधाच्या दिवशी एकही लघवीला उठायचं नाही. या पोथ्या रचणाऱ्या श्रीधरस्वामींनी कुठं वयोगट छापला होता?

आणि आपण काय करतो? लेकरू बाराखडी ओलांडून वाक्य वाचायला लागलं, की वाचून दाखवणं बंद. ‘आता तुझं तू वाच.’ काल रात्री ते राक्षसाच्या गुहेत होतं, आज ‘कमल, नमन कर’वर आलं. मग त्याला पुस्तकाचा कंटाळा येणार नाही तर काय होईल! म्हणून एकाच लेकरासाठी दोन पुस्तकं निवडायची. एक त्याच्या डोळ्याच्या वयाचं, ते त्याच्या हातात. दुसरं कानाच्या वयाचं, ते तुमच्या हातात.

आता कपाटाबद्दल बोलल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. समोर गुरुजी मंडळी हसायला लागलीत, म्हणजे कळलं. नोकरीत एका शाळेवर ग्रंथालयाचा चार्ज माझ्याकडं आला. चार्ज म्हणजे किल्ली. आधीच्या गुरुजींनी ती देताना सांगितलं, ‘उघडू नका, आत सगळं बरोबर आहे.’ मी उघडलं. एकाच थोर पुरुषाचं 32 पानी चरित्र, त्याच्या वीस प्रती. भाषण कसं करावं, याचं पुस्तक. खतांच्या मात्रांची पुस्तिका. आणि शाळा चौथीपर्यंतची! वरून गठ्ठा येतो, पोचपावतीवर सही करायची, साठा नोंदवहीत चढवायचं. निवडलं कुणी, हे विचारायची पद्धत नाही.

आपलं हे गाव तर संतकवी दासोपंतांचं. त्यांनी पंचीकरण हा वेदान्तावरचा ग्रंथ लिहिला तो लांबलचक कापडावर, ती पासोडी आजही इथं जपलेली आहे. ती जर आमच्या साठा नोंदवहीत चढवायची असती, तर ‘पृष्ठसंख्या’ या रकान्यात काय लिहायचं, एवढ्यावर फाईल तालुक्याला अडकली असती.

तर मी कपाटातली त्यातल्या त्यात बरी पुस्तकं काढून घरी वाटली. तपासणीला साहेब आले. पहिला प्रश्न, ‘गहाळ झाली तर?’ दुसरा प्रश्न नव्हताच. त्यांनी एक पुस्तक उचललं. त्याच्या चौदाव्या पानावर हळदीच्या बोटांचा ठसा, बारीक, पाचही बोटं. साहेबांनी शेरा मारला, ‘पुस्तक खराब स्थितीत.’ मी म्हणालो, साहेब, अख्ख्या कपाटात वाचलेलं तेवढंच एक आहे. शेरा बदलला नाही, पण चहा घेऊन गेले.

पुढं हायस्कूलवर आठवीत एक पोरगा होता. आई-बाप दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्यावर जायचे, हा त्यांच्या मागं. त्यामुळं डोळ्याचं वय दुसरीपाशीच थांबलेलं. त्या हिशेबानं त्याला दुसरीच्या पातळीचं पुस्तक मिळालं. मुखपृष्ठावर टोपी घातलेला ससा. त्यानं बघितलं आणि परत दिलं. ‘सर, हे बारक्यायचं हाय.’ बरोबरच होतं त्याचं! जो गडी अंधारात उसाची टायरगाडी हाकतो, त्याला आपण टोपीवाला ससा देतो.

मी काय केलं, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे काढला आणि ऑफ तासाला वर्गात मोठ्यानं वाचायला लागलो. हा फेणे म्हणजे बन्या, फुरसुंगीचा, शिकायला पुण्यात, बुडाखाली सायकल. फुरसुंगी कुठं आहे हे आमच्या वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. बन्या पुरता अडकला तिथंच थांबलो आणि पुस्तक टेबलावर ठेवून बाहेर गेलो. परत आलो तर तोच पोरगा ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत बसलेला. अख्खं वाचलं असं सांगणार नाही. अडीच पानं वाचली. पण ससा त्याला एक ओळही पुढं नेऊ शकला नव्हता.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. आता पत्रिकेवरचा विषय, पळत पळत.

तीन वर्षांपर्यंत जाड पुठ्ठ्याची पुस्तकं घ्या, ती चावली जाणार आहेत. तीन ते सहा, पानावर चित्र मोठं आणि मजकूर दोन ओळींचा. चित्रात घर घरासारखं दिसलं पाहिजे. माधुरी पुरंदरे लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात, तिथून सुरुवात करा. सहा ते आठ, ओळी छोट्या, जोडाक्षरं बेताची, तेच वाक्य पुन्हा पुन्हा येणारं. पैसे नसतील तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर फोनवर फुकट आहे. त्यात मराठीही आहे आणि पुस्तकं इयत्तेनुसार नाही, वाचनाच्या पातळीनुसार लावलेली आहेत.

नऊ ते अकरा, मालिका द्या. एकाच नायकाची दहा पुस्तकं लागोपाठ वाचली तरी वाचू द्या. ‘किशोर’ मासिक 1971पासून निघतंय, शाळेत एक अंक तरी येऊ द्या. ‘श्यामची आई’ तिसरीत बक्षीस म्हणून देता आणि बारीक टाइप बघून लेकरू ते फडताळात ठेवतं. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि त्यातल्या प्रकरणांना नाव आहे ‘रात्र’. श्याम रोज रात्री सांगतोय, बाकीचे ऐकतायत. म्हणजे पुस्तकच कानासाठी बेतलेलं! रोज एक रात्र वाचून दाखवा, तिसरीतलं लेकरूही रडेल.

बारानंतर कादंबरी. मरण, गरिबी, फसवणूक आली म्हणून पुस्तक लपवू नका. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त शेवटी दुष्काळानं वाडी रिकामी होते. चौदा-पंधरा वर्षांच्या आपल्या पोरांना यातलं काय नवीन आहे? आणि मुलींची पुस्तकं वेगळी, मुलांची वेगळी, असे ढीग करू नका. नाही आवडलं तर वीस पानांवर सोडून द्यायची मुभा ठेवा, त्यावर सारांश लिहायला लावू नका.

झालं, बसतो. मागच्या टेबलावर पुस्तकं मांडलीत. घेण्याआधी कुठलंही अर्धं पान मोठ्यानं वाचून बघा. जीभ अडखळली तर ठेवून द्या, रात्री तुम्हालाच वाचायचंय.